लाडका पुढारी की विचारी पुढारी?

आमच्या बचत गटाची अध्यक्ष निवडायची होती. दोन नावं पुढे आली. एक बाई सगळ्यांच्या लाडक्या. कुणाकडे बारसं असो की मयत, त्या हजर. कुणालाच ‘नाही’ म्हणत नाहीत. दुसऱ्या बाई हिशोबाला चोख आणि बोलायला सडेतोड. मागच्या वर्षी गटातल्याच एकीच्या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा याच बाई आडव्या आल्या आणि लग्न थांबलं. ती पोरगी आज शिकतेय. पण तेव्हापासून या बाईंना गल्लीत कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. यांना कोण मत देणार, अशी कुजबुज बैठकीत सुरू झाली. निवड पुढच्या बैठकीवर गेली.

घरी आले आणि मला गोपाळ गणेश आगरकर आठवले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचा धडा वाचला, मार्क मिळवले आणि विसरून गेलो.

आगरकरांचा जन्म १८५६ सालचा, कराडजवळच्या टेंभू गावातला. घरची अत्यंत गरिबी. कधी नातेवाइकांचा आसरा, कधी कचेरीत कारकुनी, असं करत कराड, रत्नागिरी, अकोला इथं शिक्षण झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालायचे, असं सांगतात. एवढं शिकल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं, की पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावीन. त्या माउलीला काय वाटलं असेल!

कॉलेजातच त्यांची टिळकांशी गट्टी जमली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. एम.ए. झाल्यावर आगरकर तिथे आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर केलेल्या लिखाणावरून टिळक आणि आगरकर दोघांनाही मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सुटले तेव्हा लोकांनी वाजतगाजत स्वागत केलं. म्हणजे बघा, लोकांचं प्रेम आगरकरांनाही मिळालं होतं. तसेच चालत राहिले असते तर ते टिकलंही असतं.

पण त्यांना प्रश्न पडत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न का? विधवेचं डोकं का भादरायचं? मुलगा शाळेत जातो, मग मुलगी का नाही? जुनं आहे म्हणून ते बरोबर, हे त्यांना पटेना. आधी स्वराज्य की आधी घरातली सुधारणा, यावर टिळकांशी वाद वाढत गेला. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा ‘सुधारक’ काढला.

तिथून लोक बिथरले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं वय १० वरून १२ करायचं, एवढीच त्यातली गोष्ट. कलकत्त्याची दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यानंतर या कायद्याला जोर आला होता. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं आणि लोक त्यांच्या मागे. आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी तर ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली आणि त्यांच्या घरावरून नेली. घरात पत्नी यशोदाबाई होत्या, मुलं होती. तिरडी कुणाची चाललीय हे त्या बाईला कळलं असेल तेव्हा तिच्या पोटात काय झालं असेल?

यशोदाबाई जुन्या वळणाच्या. आगरकरांनी सगळ्या समाजाशी भांडण मांडलं, पण पत्नीच्या देवधर्माच्या आड ते आले नाहीत. विचार पटवायचे असतात, लादायचे नसतात, हे त्यांनी घरातही पाळलं. मला हे फार मोठं वाटतं.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. मागे एक पुडी सापडली. तिच्यात त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी पैसे बांधून ठेवले होते. मृत्युलेख लिहिताना टिळकांचे डोळे वाहत होते, असं सांगतात.

मैत्रिणींनो, टिळक लहान आणि आगरकर मोठे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. लोक प्रेम करतात त्या माणसामागे हजारो जण चालतात, ही ताकद खरीच. आगरकरांना ती कधी मिळाली नाही आणि त्यामुळे त्यांचं काम मागे पडलं, हेही खरं. पण मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने १९२९ मध्ये १४ आणि १९७८ मध्ये १८ झालं. आज आपल्या लेकी सायकलवर कॉलेजला जातात. हे सगळं त्या नावडत्या माणसाने म्हटलं होतं त्याच दिशेने झालं.

आता माझीच एक गोष्ट कबूल करते. मागच्या वर्षी ते लग्न थांबवायला त्या बाई एकट्या गेल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले नाही. समाजकार्य करते म्हणून मिरवते, पण शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून घरात बसले. खरं बोलणारी बाई नावडती होते ती तिच्या बोलण्यामुळे थोडी आणि आपल्या गप्प बसण्यामुळे जास्त. लाडक्या बाईंचा स्वभाव मलाही आवडतो. पण आपल्या लेकीवर वेळ आली तर त्या ‘नाही’ म्हणतील का, याची मला खात्री नाही.

पुढच्या बैठकीत मी हात कुणासाठी वर करणार, ते ठरलंय. आणि संक्रांतीचं पहिलं बोलावणंही त्याच घरी जाणार आहे.