होमी भाभांनी विशीत मांडलेलं पॉझिट्रॉनचं गणित आज हृदयाच्या तपासणीत कसं भेटतं?

पालघर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला समुद्राच्या कडेला तारापूर दिसेल आणि पूर्वेला डोंगरात जव्हार-मोखाडा. तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे आणि ते होमी भाभांच्या आग्रहामुळे उभं राहिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जव्हारच्या एखाद्या माणसाला हार्ट अटॅक येऊन गेला आणि पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याला हृदयाचा पेट स्कॅन लिहून दिला, तर त्या कागदामागेही भाभा आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही. तेही दोन ठिकाणी. एकदा गणितात आणि एकदा परळच्या एका इमारतीत.

पेट या नावातलं पहिलं अक्षर पॉझिट्रॉनचं आहे. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलटा जुळा भाऊ. वजन तेवढंच, पण विद्युतभार ऋणाऐवजी धन. १९३२ साली अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना तो सापडला, तेव्हा भाभा केंब्रिजमध्ये होते आणि २२-२३ वर्षांचे होते.

खरं तर ते तिथे इंजिनिअर व्हायला गेले होते. ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत, एका सधन पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांची पत्नी. त्यामुळे घरच्यांचा बेत सरळ होता. पोराने इंग्लंडहून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. पोराचं मन मात्र फिजिक्समध्ये अडकलं. शेवटी वडिलांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणित शिकायचे पैसे देतो. १९३० मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास आणला. वडिलांनी शब्द पाळला आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही त्याच श्रेणीत पार पडली.

ज्यांच्या समीकरणातून पॉझिट्रॉनची चाहूल आधी लागली होती, ते पॉल डिरॅकही केंब्रिजमध्येच होते. अशा वातावरणात भाभांनी एक प्रश्न हातात घेतला. पॉझिट्रॉन जाता जाता इलेक्ट्रॉनला धडकला तर तो किती वळेल, त्याची किती ऊर्जा जाईल? वरवर साधा वाटतो, पण यात एक गोम आहे. हे दोन कण एकमेकांना ढकलून पुढे जाऊ शकतात, तसेच एकमेकांना पार मिटवून पुन्हा नवी जोडी म्हणूनही बाहेर पडू शकतात. भाभांनी या दोन्ही शक्यता एका हिशेबात बसवल्या. १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो शोधनिबंध आला. तेव्हा त्यांचं वय २६. जगभरचे शास्त्रज्ञ आजही या धडकेला भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

आता हे हृदयापर्यंत कसं पोचतं?

पेट स्कॅनमध्ये पेशंटच्या शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात. त्यातून पॉझिट्रॉन निघतात. प्रत्येक पॉझिट्रॉन शरीरातल्या इलेक्ट्रॉनवर आपटत, वेग गमावत जातो (ही आपटाआपटी म्हणजेच भाभांचं गणित) आणि शेवटी एका इलेक्ट्रॉनसोबत नाहीसा होतो. त्या क्षणी गॅमा किरणांची जोडी जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटते. पेशंटभोवतीचं गोल यंत्र दोन्ही किरण एकाच वेळी टिपतं, त्यांना जोडणारी रेघ मारतं आणि अशा लाखो रेघांवरून कॉम्प्युटर चित्र तयार करतो.

पॉझिट्रॉन संपण्याआधी किती लांब गेला, यावर चित्र किती रेखीव येणार ते बरंचसं ठरतं. फ्लोरीन-१८ चा पॉझिट्रॉन सरासरी एक मिलिमीटरही जात नाही. रुबिडियम-८२ चा काही मिलिमीटर जातो, म्हणून त्याचं चित्र जरा पुसट असतं. अशा स्कॅनची नक्कल कॉम्प्युटरवर करायची असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये आजही भाभांचंच सूत्र घालावं लागतं.

भाभांनी हे काम औषधोपचार डोळ्यासमोर ठेवून केलं होतं का? अजिबात नाही. त्यांना वेध लागले होते अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचे. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी त्या किरणांवर मोठा सिद्धांत मांडला आणि नाव कमावलं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांनी काम सुरू केलं. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यासाठी मदत मागितली. पुढच्याच वर्षी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली, आधी बंगळुरूत आणि लगेच मुंबईत, पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात.

पुढचा प्रवास पाठ्यपुस्तकात असतो, म्हणून पटकन सांगते. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये अणुऊर्जा खातं, आणि ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात, म्हणजे ट्रॉम्बेला, अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळला तर ही आशियातली पहिली अणुभट्टी. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणून भाभांनी असंही भाकीत केलं होतं की, दोन दशकांत माणूस अणुसंमीलनातून ऊर्जा काढायला शिकेल. ते अजून खरं झालेलं नाही. भाभांवर लिहिताना ही गोष्ट अनेकदा गाळली जाते. गाळू नये असं मला वाटतं.

अणुभट्टीत विजेबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे किरणोत्सारी समस्थानिकं, रोजच्या भाषेत आयसोटोप. थायरॉइडच्या तपासणीसाठी लागणारं आयोडीन-१३१ हे त्यातलंच. आता इथे त्यांच्या घरातली एक गोष्ट येते. आत्या मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ट्रस्ट काढला, आणि टाटांच्या पैशांतून १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. १९६२ मध्ये हे हॉस्पिटल भाभांच्या अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सरच्या हॉस्पिटलचा अणुऊर्जेशी काय संबंध, असा प्रश्न आजही लोकांना पडतो. उत्तर सोपं आहे: किरणं. १९६३ मध्ये याच हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं.

त्याच वर्षी अमेरिकेशी तारापूरचा करार झाला. तारापूर १९६९ मध्ये सुरू झालं, पण ते बघायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं कांचनजंगा विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं आणि सगळे, ११७ जण, गेले. भाभा व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. वय ५६. अपघाताच्या फ्रेंच चौकशीत असं निघालं की, विमान शिखर ओलांडून गेलं आहे असा वैमानिकाचा समज झाला होता आणि कंट्रोलरने केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत नीट पोचली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर जानेवारीत फिरणाऱ्या कटाच्या गोष्टींना पुरावा नाही, आणि त्यांच्या गर्दीत माणसाचं काम मागे पडतं.

पेटचं यंत्र अमेरिकेत तयार झालं ते सत्तरच्या दशकात. भारतातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट सुरू झालं २००२ मध्ये, त्याच परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

हृदयाच्या पेटमध्ये नेमकं काय कळतं?

आपल्याकडे हृदयासाठी जास्त ऐकू येते ती थॅलियम टेस्ट. ती हृदयाच्या एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करते. पण मोखाड्यात मे महिन्यात सगळ्याच विहिरी सारख्या आटल्या, तर नुसत्या तुलनेतून काय कळणार? हृदयाच्या तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद झाल्या तर थॅलियम टेस्ट तशीच फसू शकते. पेटमध्ये दर मिनिटाला, स्नायूच्या दर ग्रॅममागे किती मिलिलिटर रक्त जातं ते मोजता येतं. म्हणजे पाणी थेट बादलीने मोजण्यासारखं.

दुसरा उपयोग अटॅकनंतरचा. हृदयाचा एखादा भाग हलत नाही, तो मेलाय की रक्ताअभावी निपचित पडलाय? निपचित स्नायू साखर ओढून घेतो, मेलेला घेत नाही. म्हणून एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देऊन बघतात. भाग जिवंत निघाला तर बायपास किंवा अँजिओप्लास्टीचा विचार होतो. अर्थात, नुसत्या या स्कॅनवर निर्णय घेतल्याने जास्त जीव वाचतात, हे मोठ्या अभ्यासांत ठामपणे सिद्ध झालेलं नाही. डॉक्टर बाकीचे रिपोर्ट सोबत बघतातच.

तिसरा उपयोग कृत्रिम झडपेचा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब होते, ती बदलली जाते आणि पुढे कधीतरी तिथेच जंतुसंसर्ग होतो. इकोमध्ये तो स्पष्ट दिसला नाही, तर एफडीजी पेट मदतीला येतो. असा ताप गरिबीत आणि दाटीवाटीच्या घरांत जास्त आढळतो, म्हणून मला तरी हा उपयोग जव्हार-मोखाड्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग अडचण कुठे आहे?

घड्याळात. एफडीजीमधल्या फ्लोरीन-१८ चं किरणोत्सर्जन ११० मिनिटांत निम्मं होतं. रक्तप्रवाह मोजायला वापरतात त्या नायट्रोजन-१३ चं दहा मिनिटांत, तर रुबिडियम-८२ चं ७६ सेकंदांत. मुंबईहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारचा घाट चढेपर्यंत एफडीजीचा मोठा हिस्सा संपलेला असतो. पावणेचार तास लागले तर पाव हिस्साही उरत नाही. आणि कोट्यवधींचं यंत्र तालुक्याला बसवणं तर दूरच. म्हणून औषध पेशंटकडे जात नाही, पेशंटलाच खाली यावं लागतं. मुंबईला, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने नाशिकला. त्याआधीचा ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या मात्र जवळच व्हायला हव्यात, म्हणजे जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात. छातीत दुखायला लागल्यावर पहिल्या तासात पेटचा काहीच उपयोग नसतो.

स्कॅन ठरलाच, तर जेवणाबद्दल आधी विचारून घ्या. झडपेचा संसर्ग शोधायचा असेल तर निरोगी हृदयाने साखर ओढायला नको, नाहीतर चित्रात सगळंच हृदय उजळतं. म्हणून आदल्या दिवशी सहसा नागलीची भाकरी, वरईचा भात, गोड चहा बंद. अंडी, मासे, मटण, तेल-तूप चालतं आणि त्यानंतर बरेच तास उपाशी राहावं लागतं. स्नायू जिवंत आहे का हे बघायचं असेल तर गणित उलटं, तिथे मुद्दाम साखर देतात. डायबिटीस असेल तर तेही आधी सांगायचं, कारण तेव्हा इन्सुलिनचा हिशेब वेगळा लागतो. दोन्ही तपासण्यांचं नाव एकच, एफडीजी पेट. त्यामुळे कुठली करायची आहे, हे गावातून निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. चुकीचं खाऊन गेलात तर तारीख पुढे जाते, आणि एवढा घाट पुन्हा उतरावा लागतो.