व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरजवळ पैनगंगा नदी सहस्रकुंड येथे काळ्या कातळावरून खाली कोसळते. पावसाळ्यात तिचे ते रूप पाहण्यास लांबलांबून माणसे येतात. पण त्या भागातील मुलांना पाण्यात उडी घेण्याचे शिक्षण मिळते ते गावच्या विहिरीत. उन्हाळ्यात काठावरून कोणी मुटका मारतो, कोणी सूर मारतो. सूर मारणाऱ्याचे अंग जितके सरळ आणि पाणी जितके कमी उडेल, तितकी त्याची वाहवा अधिक. याच खेळाला ऑलिंपिक स्पर्धांत मानाचे स्थान आहे. तेथे तीन मीटर उंचीच्या लवचीक फळीवरून आणि दहा मीटर उंचीच्या मंचावरून सूर मारावयाचे असतात. दहा मीटर म्हणजे जवळजवळ तीन मजली घराची उंची. तेथून पाण्यापर्यंत पोहोचण्यास दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्या अवधीत कोलांट्या व गिरक्या पुऱ्या करून, हात पुढे घेऊन, बाणासारखे पाण्यात शिरावे लागते. नेम चुकला तर तेच पाणी फरशीसारखे अंगाला लागते.

एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक मिळविणारी जगातील पहिली स्त्री म्हणजे व्हिक्टोरिया मनालो. तिचा जन्म ३१ डिसेंबर १९२४ रोजी अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को या शहरात झाला. वडील फिलिपाइन्स बेटांतून आलेले आणि आई इंग्लंडातून आलेली. घरात पैशाची ओढगस्त असे. व्हिक्टोरियाला नृत्य शिकण्याची फार हौस होती. परंतु त्याचा खर्च आईबापांना पेलण्याजोगा नव्हता. पाण्याची तर तिला प्रथम भीतीच वाटे. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर ती पोहावयास शिकली. पाच सेंट देऊन सार्वजनिक तलावात पोहावयास मिळे, आणि तेवढे पैसे घरातून कसेबसे निघत.

सोळाव्या वर्षी तिच्या मनाने सूर मारण्याचा ध्यास घेतला. शहरातील फेअरमाँट हॉटेलच्या तलावावर फिल पॅटर्सन नावाचा शिक्षक या खेळाचे वर्ग घेत असे. मुलीच्या अंगी गुण आहेत हे त्याने ओळखले. पण तेथे एक अडचण उभी राहिली. त्या काळी अमेरिकेत गोऱ्या लोकांच्या तलावांची दारे इतर वर्णाच्या माणसांना सहसा उघडी नसत. पॅटर्सनने व्हिक्टोरियाला आपल्या मंडळात घेतले नाही. तिच्यासाठी त्याने एक निराळी शाळा काढली. शिवाय तिने मनालो हे वडिलांचे आडनाव टाकून आईचे माहेरचे टेलर हे आडनाव लावावे, असे ठरले. नाव इंग्रजी असले म्हणजे कोणी फार चौकशी करणार नाही, हा त्यातला हिशेब. सोळा वर्षांच्या मुलीने यावर काय बोलावे? तिला सूर मारावयाचे होते. ती व्हिकी टेलर झाली आणि फळीवर चढली.

पुढे महायुद्ध आले. पॅटर्सन सैन्यात गेला आणि तिचे शिक्षण थांबले. ती नोकरी करू लागली. तथापि खेळाचा नाद काही सुटला नाही. एका राष्ट्रीय स्पर्धेत तिची सॅमी ली या कोरियन वंशाच्या खेळाडूशी ओळख झाली. त्याची कथाही तिच्यासारखीच होती. पॅसाडेना गावच्या तलावात गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे. म्हणून उरलेल्या दिवसांत तो शिक्षकाच्या अंगणातील वाळूच्या खड्ड्यात उड्या मारून सराव करीत असे! वाळूत उडी घेऊन पाय बळकट झालेला हा तरुण व्हिक्टोरियाचे दुःख न सांगता समजू शकत होता. त्यानेच तिची गाठ लाइल ड्रेव्हज या कुशल शिक्षकाशी घालून दिली. लाइलच्या हाताखाली तिच्या उड्यांना घाट आला. १९४६ साली त्या दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षापासून लागोपाठ तीन वर्षे उंच मंचावरील राष्ट्रीय विजेतेपद तिने आपल्याकडे राखले.

१९४८ च्या ऑगस्ट महिन्यात लंडन येथील वेम्ब्लीच्या तलावावर ऑलिंपिकच्या स्पर्धा झाल्या. युद्धामुळे बारा वर्षांनी भरलेले हे ऑलिंपिक होते. फळीवरील स्पर्धेत तिची गाठ पडली ती स्वदेशाच्याच झो अ‍ॅन ओल्सेनशी. ही मुलगीही लाइलच्या तालमीत तयार झालेली. चुरस अखेरच्या उडीपर्यंत चालली. व्हिक्टोरियाचा धीर सुटू लागला, तेव्हा काठावर असलेल्या सॅमी लीने तिला हिंमत दिली. गुण जाहीर झाले : तिचे १०८.७४, ओल्सेनचे १०८.२३. अर्ध्या गुणाच्या फरकाने पहिले सुवर्णपदक तिचे झाले. त्यानंतर उंच मंचावर तिने ६८.८७ गुण मिळवून दुसरेही जिंकले. पुरुषांच्या स्पर्धेत मंचावरचे सुवर्णपदक सॅमी लीने मिळविले. ज्यांना तलावाच्या दारातून परत पाठविले जाई, अशा दोन घरांतील मुलांनी त्या आठवड्यात आपल्या देशाला तीन सुवर्णपदके दिली. अशा दुहेरी विजयाचा आनंद तीन वर्षांनी भारतानेही अनुभवला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत के. पी. ठक्कर यांनी दोन्ही प्रकार जिंकले.

यानंतर व्हिक्टोरियाने स्पर्धा सोडल्या आणि जलक्रीडेच्या प्रयोगांतून ती गावोगाव हिंडली. वडिलांच्या जन्मभूमीलाही ती गेली व तेथील लोकांना तिने आपले कौशल्य दाखविले. फिलिपाइन्सच्या लोकांना ती परकी मुळीच वाटली नाही. ती त्यांच्या मनालोंची मुलगी होती. पुढे पतीबरोबर तिने पोहण्याची व सूर मारण्याची शाळा चालविली. तिला चार मुलगे झाले आणि चौघेही हा खेळ शिकले. १९६९ साली आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मानदालनात तिला स्थान मिळाले.

सान फ्रान्सिस्कोच्या ज्या वस्तीत तिचे बालपण गेले, तेथे २००६ साली नगरपालिकेने एक उद्यान उघडले. त्याच्या पाटीवर टेलर हे नाव नाही. तेथे व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज असे लिहिले आहे. ११ एप्रिल २०१० रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले.