प्रेग्नन्सी ॲपमधला २०० वर्षं जुना फॉर्म्युला आणि तो देणारा डॉक्टर

मागच्या वर्षी माझ्या ताईच्या मोबाइलमधल्या प्रेग्नन्सी ॲपने ड्यू डेट दाखवली ५ फेब्रुवारी. दवाखान्याच्या फाइलवर होती ८ फेब्रुवारी. पाळीची तारीख दोन्हीकडे एकच, १ मे. मला वाटलं, कोडमध्ये कुठेतरी बग असणार. शोधत गेलो आणि पोहोचलो थेट जर्मनीतल्या हायडेलबर्गला, फ्रांझ कार्ल नेगेले या प्रसूतितज्ज्ञापाशी.

नेगेले यांचा जन्म १७७८ चा, ड्युसेलडॉर्फमधला. डॉक्टर झाल्यावर त्यांनी काही वर्षं बार्मेन गावात प्रॅक्टिस केली. १८०७ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवायला आले आणि १८१० पासून तिथल्या प्रसूतिगृहाचे प्रमुख झाले. १८५१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते हायडेलबर्गमध्येच राहिले.

तेव्हा ना सोनोग्राफी होती, ना एक्स-रे. बाळ आत कसं आहे हे कळायचं ते फक्त हाताच्या स्पर्शाने. नेगेले यांनी हेच काम वर्षानुवर्षं शिस्तीने केलं. बाळाचं डोकं कटीरात कसं शिरतं, कसं वळतं, हे ते प्रत्येक टप्प्यावर तपासत आणि नोंदवत. १८१९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असली, तरी बहुतेक वेळा ते आपोआप पुढे वळतं. म्हणजे घाई करून चिमटा लावायची गरज नाही. १८३९ मध्ये त्यांनी एका बाजूने तिरक्या झालेल्या कटीरावर पुस्तक लिहिलं. बाहेरून बाई ठणठणीत दिसते, पण बाळाला वाटच नसते. या दोषाला आजही 'नेगेले कटीर' म्हणतात. त्यांचा मुलगा हर्मानही याच क्षेत्रात आला आणि पोटावर कान किंवा स्टेथोस्कोप लावून बाळाचे ठोके ऐकण्यावर त्याने १८३८ मध्ये पुस्तक लिहिलं.

आता फॉर्म्युला. डच डॉक्टर बुरहाव यांनी आधीच सुचवलेली पद्धत नेगेले यांनी सोपी करून मांडली. १८३० मध्ये त्यांनी खास सुइणींसाठी पाठ्यपुस्तकही लिहिलं. नियम असा: पाळीची तारीख घ्या, तीन महिने मागे जा, सात दिवस मिळवा. कॅलेंडर आणि बोटं, एवढंच हार्डवेअर! आपल्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख काढतात ती याच हिशेबाने: नऊ महिने आणि सात दिवस.

मग तीन दिवसांचा फरक कुठून आला? महिने सारखे नसतात. १ जानेवारीपासून या नियमाने ८ ऑक्टोबर येतो, म्हणजे २८० दिवस. १ मेपासून ८ फेब्रुवारी येतो, म्हणजे २८३ दिवस. ॲपमध्ये मात्र सरळ २८० दिवस मिळवलेले असतात. बग कुठेच नव्हता. एकाने महिने मोजले, दुसऱ्याने दिवस.

आणखी एक गोची आहे. सात दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे की शेवटच्या, हे जुन्या मांडणीत नीट स्पष्ट नव्हतं. आज सगळीकडे पहिला दिवस धरतात. शिवाय हा हिशेब २८ दिवसांनी नियमित येणारी पाळी गृहीत धरतो. प्रत्येकीचं तसं नसतं.

तीन दिवस म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण कळा आणायचं औषध कधी द्यायचं, बाळ अपुऱ्या दिवसांचं धरायचं का, हे निर्णय याच तारखेवर होतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी महत्त्वाची. तारखेत जास्त फरक आला तर डॉक्टर तिच्यावरून तारीख बदलतात. ॲपमधली तारीख डॉक्टरांना जरूर दाखवा, पण फाइलवरची तारीख मनाने बदलू नका.

आणि ड्यू डेट म्हणजे डेडलाइन नव्हे. नेमकी त्याच दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी. माझी भाची तर ३१ जानेवारीलाच आली, दोन्ही तारखांना चुकवून.