चाकोरीबाहेरचा फलंदाज : सय्यद मुश्ताक अली

विद्यार्थी मित्रांनो, हातात बॅट घेतली की वेगवान गोलंदाजासमोर क्रीज सोडू नये, हा धडा तुम्हाला प्रथम मिळतो. हा धडा बाजूला ठेवून, चार पावले पुढे येऊन वेगवान गोलंदाजांना फटकावणारा एक फलंदाज आपल्या देशात होऊन गेला. त्यांचे नाव सय्यद मुश्ताक अली.

१७ डिसेंबर १९१४ रोजी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीच कर्नल सी. के. नायडूंनी त्यांचे गुण हेरले. १९३४ साली कलकत्त्यास ते पहिला कसोटी सामना खेळले, ते डावखुरे मंदगती गोलंदाज म्हणून. फलंदाजी मात्र उजव्या हाताने करीत. पुढे नेटाने ते सलामीचे फलंदाज झाले.

१९३६ साली मँचेस्टर येथे इंग्लंडने ३६८ धावांची आघाडी घेतली होती. मुश्ताक अली आणि मुंबईचे विजय मर्चंट सलामीला उतरले. मर्चंट म्हणजे शास्त्रशुद्ध खेळाचा आदर्श. मुश्ताक अली म्हणजे मनस्वी. जोडीदाराला धावबाद करण्याची सूचना खुद्द कर्णधाराने मुश्ताक अलींना दिली होती, असे सांगितले जाते. त्यांनी ती मर्चंटनाच सांगून टाकली आणि दोघे हसले! दोघांनी २०३ धावांची भागी केली आणि पराभव टळला. मुश्ताक अलींच्या ११२ धावा हे परदेशातील भारताचे पहिले कसोटी शतक होय.

१९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकर संघ हरला, पण मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली : १०९ आणि १३९. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळताच लोकांनी निवड समितीच्या अध्यक्षांनाच घेराव घातला. त्यांना संघात परत घ्यावे लागले.

या खेळीची किंमतही त्यांनी मोजली. जम बसलेला असताना ते पुष्कळदा धाडसी फटक्यापायी बाद होत. महायुद्धाने उमेदीची वर्षे नेली. १९४७ साली थोरल्या बंधूंच्या निधनामुळे ऑस्ट्रेलियाचा दौरा त्यांनी सोडला. अठरा वर्षांत अवघे ११ कसोटी सामने, ६१२ धावा, दोन शतके! १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना. १८ जून २००५ रोजी इंदूर येथेच त्यांचे निधन झाले. आज देशातील वीस षटकांची स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या घरात एखादा मर्चंट असेल, एखादा मुश्ताकही असेल. दोघांना एकाच मापाने मोजू नका. मँचेस्टरला संघ वाचला तो दोघांमुळे. आणि मुलांनो, तुमची चाल वेगळी असू द्या. पण मुश्ताक अलींसारखे जोडीदाराशी इमान राखा.