अ‍ॅडम ऑस्बॉर्न : अकरा किलोचा कॉम्प्युटर हातात धरून फिरायला लावणारा माणूस

आर्किटेक्चर, मेकॅनिकल किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात : मोबाइल वर्कस्टेशन घेऊ का? ज्यांच्यासाठी हा शब्द नवा आहे त्यांना थोडक्यात सांगतो. टेबलावरच्या दणकट कॉम्प्युटरवर जी जड कामं होतात, म्हणजे थ्रीडी मॉडेल, सिम्युलेशन, मोठे व्हिडिओ, ती बॅगेत घालून नेता यावीत म्हणून बनवलेला लॅपटॉप. मोठ्या स्क्रीनचा असला तर वजन तीन किलोच्या आसपास, आणि चार्जरची वीट वेगळी.

असं मशीन जोखायचं कसं, हा विषय निघाला की मला अ‍ॅडम ऑस्बॉर्न आठवतो. या माणसाने आधी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची उणीदुणी काढली. मग स्वतःचा कॉम्प्युटर बनवला आणि तो तुफान विकला. नंतर त्याच कॉम्प्युटरमध्ये सुधारणा करण्याच्या काळात त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. आज त्याचं नाव बहुतेकांना फक्त ऑस्बॉर्न इफेक्ट या शब्दामुळे माहीत असतं. मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

तिरुवन्नामलैचा मुलगा

ऑस्बॉर्नचा जन्म ६ मार्च १९३९ चा, बँकॉकमधला. वडील आर्थर ऑस्बॉर्न इंग्रज, बँकॉकच्या विद्यापीठात शिकवायचे. आई ल्युसिया पोलंडची. आईवडील दोघंही रमण महर्षींचे भक्त. दुसऱ्या महायुद्धात जपानने थायलंडमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा वडील तिथेच अडकले आणि कैदेत पडले. आई मुलांना घेऊन त्याआधीच तमिळनाडूत तिरुवन्नामलैला आली होती. त्यामुळे अ‍ॅडमचं लहानपण अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी गेलं. तमिळ तो घरच्यासारखी बोलायचा. पुढे शाळा कोडाईकनालला, आणि १९५० मध्ये, अकरा वर्षांचा असताना, इंग्लंड.

१९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून पीएचडी, मग कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीत नोकरी. हा भाग मी पटकन उरकतोय, कारण त्याची खरी गोष्ट नोकरी सुटल्यावर सुरू होते.

आधी समीक्षक

सत्तरच्या दशकात मायक्रोप्रोसेसर नवीन होते आणि ते कसे वापरायचे हे सोप्या भाषेत सांगणारं फारसं कोणी नव्हतं. ऑस्बॉर्नने मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. प्रकाशकांना त्यात रस नव्हता, म्हणून त्याने ते स्वतःच छापलं आणि कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकांना खोक्यातून नेऊन विकलं. याच क्लबात स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक बसायचा. आयएमएसएआय नावाच्या कंपनीने तर आपल्या प्रत्येक कॉम्प्युटरसोबत हे पुस्तक द्यायला सुरुवात केली. प्रकाशनाचा धंदा इतका वाढला की १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलने तो विकत घेतला.

सोबतीला मासिकातला स्तंभ होता, आधी इंटरफेस एजमध्ये आणि मग इन्फोवर्ल्डमध्ये. आजचे यूट्यूब रिव्ह्यूवाले जे करतात तेच, पण बरंच तिखट. तयार नसलेल्या मालाच्या जाहिराती करून लोकांकडून आगाऊ पैसे घेणाऱ्या कंपन्यांवर तो तुटून पडायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतकं सगळं जोखून झाल्यावर त्याचं मत असं बनलं होतं : कॉम्प्युटर कंपन्या तज्ज्ञांना खूश करायला मशीन बनवतात. सामान्य ग्राहकाला सर्वोत्तम नको असतं. त्याला पुरेसं, तयार आणि परवडणारं हवं असतं. हे बोलून दाखवणारे तेव्हाही पुष्कळ होते. ऑस्बॉर्नने त्यावर पुस्तकांच्या धंद्यातला पैसा लावला. डिझाइनसाठी त्याने ली फेलसेनस्टाइनला गाठलं. सोल-२० हा गाजलेला कॉम्प्युटर त्यानेच डिझाइन केला होता, आणि ऑस्बॉर्नच्या पुस्तकांचा मजकूर तांत्रिकदृष्ट्या तपासायचं कामही त्याने केलं होतं.

मग ऑस्बॉर्न-१

एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ऑस्बॉर्न-१ लोकांसमोर आला. आता मी त्याचा रिव्ह्यू आजच्या पद्धतीने करतो.

वजन साधारण ११ किलो. दहा किलोची तांदळाची पिशवी उचलून पाहा आणि त्यात किलोभर भर घाला. दिसायला शिलाई मशीनच्या पेटीसारखा, वर धरायला मूठ. पेटी आडवी ठेवून झाकण काढलं की झाकणातच कीबोर्ड. आत झेड-८० प्रोसेसर, वेग ४ मेगाहर्ट्झ, मेमरी ६४ केबी. समोर मध्यभागी ५ इंची स्क्रीन आणि तिच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपी ड्राइव्ह. एका फ्लॉपीवर ९१ केबीच्या आसपास मजकूर मावायचा. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्यावर बसणार नाही. ड्राइव्हच्या खाली फ्लॉप्या ठेवायचे कप्पे होते, जे मला फार आवडतात. बरोबर काय काय न्यावं लागेल याचा विचार कोणीतरी केला होता. बॅटरी आत नव्हती, म्हणजे जाल तिथे आधी प्लग शोधा. वेगळा बॅटरी पॅक जोडता यायचा.

आकार ठरवताना निकष होता विमानातल्या सीटखालची जागा. गंमत म्हणजे आजही विमानच लॅपटॉपची रचना ठरवतं. १०० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी विमानात न्यायची तर एअरलाइनची परवानगी लागते, म्हणून दणकट लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास येऊन थांबतात.

किंमत १७९५ डॉलर. आणि इथे ऑस्बॉर्नने खरा डाव टाकला. या किमतीत वर्डस्टार, सुपरकॅल्क, बेसिक आणि सीपी/एम ऑपरेटिंग सिस्टिम सगळं सोबत यायचं. हीच सॉफ्टवेअर सुटी घेतली तर सुमारे १५०० डॉलर पडायची. त्या काळात मशीन घरी आल्यावर सॉफ्टवेअरसाठी वेगळी वणवण करावी लागे. हा पेटी उघडून लगेच पत्र टाइप करता येईल असा कॉम्प्युटर होता. तुलना हवी असेल तर १९८२ चा ग्रिड कंपास पाहा. बिल मॉग्रिजने डिझाइन केलेला, आजच्या लॅपटॉपसारखा मिटणारा, मॅग्नेशियमच्या कवचाचा देखणा कॉम्प्युटर. किंमत ८१५० डॉलर. तो अंतराळयानात गेला. ऑस्बॉर्न-१ पत्रकार, हिशेबनीस आणि छोट्या धंदेवाल्यांकडे गेला, आणि भर जोरात असताना महिन्याला दहा हजारांच्या घरात विकला गेला.

आता खोट. ५ इंची स्क्रीनवर एका ओळीत फक्त ५२ अक्षरं दिसायची. टाइप केलेल्या पानाची ओळ सहसा ८० अक्षरांची असते. फेलसेनस्टाइनने तोडगा काढला होता : मेमरीत १२८ अक्षरांची ओळ ठेवायची आणि स्क्रीनने त्यावर खिडकीसारखं डावी-उजवीकडे सरकायचं. मोबाइलवर डेस्कटॉपची वेबसाइट उघडून बोटाने ढकलत वाचता ना, अगदी तसं. हुशार तोडगा, पण दिवसभराच्या कामाला त्रासदायकच.

म्हणजे सुधारणा काय हवी हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. स्क्रीन मोठी करा, ८० अक्षरं द्या.

सुधारणा बरोबर होती, मग बुडाले कसे?

ती सुधारणा आधी दुसऱ्यांनीच केली. १९८२ मध्ये केप्रो-२ आला : ९ इंची स्क्रीन, ८० अक्षरं, सॉफ्टवेअर सोबत आणि किंमत तीच १७९५ डॉलर. ऑस्बॉर्नने जुन्या मशीनसाठी ८० अक्षरांचा जोड दिला आणि नवीन मॉडेल हाती घेतलं. त्याचं नाव एक्झिक्युटिव्ह : ७ इंची स्क्रीन, ८० अक्षरं, मेमरी दुप्पट, किंमत २४९५ डॉलर. १९८३ च्या सुरुवातीलाच त्याची चर्चा बाहेर पोचली. दुकानदारांनी विचार केला, नवीन येतंय तर जुनं कशाला भरून ठेवायचं? ऑर्डर थांबल्या, रोख पैसा आटला, शेअर बाजारात उतरायचा बेत बारगळला आणि १३ सप्टेंबर १९८३ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तयार नसलेल्या मालाच्या गवगव्यावर टीका करणाऱ्याच्याच नशिबी हे आलं. पुढचा माल वेळेआधी जाहीर करून आजचा माल मारणं, याला तेव्हापासून ऑस्बॉर्न इफेक्ट म्हणतात.

गोष्ट सांगायला सोपी आहे म्हणून ती टिकली. मला ती अर्धीच पटते. नुसत्या घोषणेने बुडायला आधी पायाखालची जमीन सरकलेली असावी लागते, आणि ती सरकली होती. ऑगस्ट १९८१ मध्ये, म्हणजे ऑस्बॉर्न-१ दाखवल्यावर चारच महिन्यांत, आयबीएमने पीसी आणला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस कॉम्पॅकने आयबीएमचीच सॉफ्टवेअर चालवणारा, मूठ असलेला पोर्टेबल जाहीर केला. तो जड होता, महाग होता, तरी लोकांनी घेतला, कारण ऑफिसातलं काम त्यावर जसंच्या तसं चालायचं. एक्झिक्युटिव्ह मात्र सीपी/एमवरच. सगळे स्क्रीनकडे बोट दाखवत होते, कंपनीने स्क्रीन सुधारली, आणि मधल्या काळात ग्राहकाचं गाव दुसरीकडे वसलं. त्यात कंपनी दोन वर्षांत इतकी फुगली होती की हिशेबांवर कोणाचा ताबा राहिला नव्हता. नफा होतोय असं वाटत असताना तोटा निघाला.

आता तुमच्या लॅपटॉपकडे येतो. वर्कस्टेशन पाहताना लोक स्क्रीनची चमक आणि कवचाची जाडी यांवर तासभर बोलतात. मी आधी तुमचं सॉफ्टवेअर कोणतं ते विचारतो, आणि त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने या ग्राफिक्स कार्डाला मान्यता दिली आहे का ते पाहायला सांगतो. मग अर्धा तास सलग रेंडर लावा. पहिल्या दोन मिनिटांचा वेग दुकानात दाखवायचा असतो, विसाव्या मिनिटाचा वेग तुमचा. मग प्लग काढून तेच परत करा, बहुतेक मशीन तिथे निम्मी होतात. डिझाइनमध्ये एकच सुधारणा मागायची झाली तर मी मेमरी बदलता यावी एवढंच मागेन. बोर्डावर डाखलेली मेमरी म्हणजे तीन वर्षांनी मशीन भंगारात. यावर इलाज निघालाय : डेलने २०२२ मध्ये प्रिसिजन लॅपटॉपमध्ये कॅम नावाची सपाट, स्क्रूने बसणारी मेमरी आणली आणि डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या संस्थेने त्यावरून कॅम-२ हे मानक जाहीर केलं. असा पर्याय असलेलं मॉडेल मिळालं तर दोन-पाच हजार जास्त द्यायला माझी हरकत नाही.

ऑस्बॉर्न थांबला नाही. १९८४ मध्ये त्याने जॉन ड्वोराकबरोबर आपल्या कंपनीच्या चढउतारावर पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी पेपरबॅक सॉफ्टवेअर काढली. कल्पना पुन्हा तीच : सॉफ्टवेअर पुस्तकाच्या किमतीत विकायचं. त्यांचा व्हीपी-प्लॅनर हा स्प्रेडशीट लोटस १-२-३ सारखा चालायचा, तेच मेनू, त्याच आज्ञा. १९८७ मध्ये लोटसने खटला भरला आणि १९९० मध्ये निकाल ऑस्बॉर्नच्या विरोधात गेला. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमचे मेनू जसेच्या तसे घेता येतात का, हा वाद पुढेही चालू राहिला. दुसऱ्या एका खटल्यात लोटस १९९५ मध्ये वरच्या कोर्टात हरली. पण तोवर पेपरबॅकचं जे व्हायचं ते झालं होतं आणि ऑस्बॉर्न बाहेर पडला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची तब्येत ढासळू लागली. मेंदूच्या आजाराने त्याला एकामागून एक झटके येत गेले. तो भारतात परतला, कोडाईकनालला, बहिणीजवळ, जिथे लहानपणी शाळेत जायचा त्या गावात. १८ मार्च २००३ ला तिथेच त्याचं निधन झालं, वयाच्या ६४ व्या वर्षी. त्याच महिन्यात इंटेलने सेंट्रिनो बाजारात आणलं होतं, म्हणजे वाय-फाय आणि टिकणारी बॅटरी असलेले हलके लॅपटॉप.