जळालेला नायक

टॉम मिक्सच्या चरित्रात एक विलक्षण उलटापालट आढळते. जे घडलेच नाही ते टिकले आणि जे खरोखर घडले ते जळून गेले.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ६ जानेवारी १८८० रोजी तो जन्मला. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपताच तो सैन्यात भरती झाला. परंतु रणांगण त्याने कधी पाहिले नाही, आणि १९०२ मध्ये रजेवर गेला तो परतलाच नाही. पुढे ओक्लाहोमातील मिलर बंधूंच्या प्रसिद्ध रँचवर त्याने नोकरी धरली. तेथून तो मूकपटांत शिरला आणि १९१७ मध्ये फॉक्स कंपनीत गेला. सैन्यातून पळालेल्या या शिपायाला प्रसिद्धीखात्याने क्यूबापासून बोअर युद्धापर्यंतच्या लढायांचा वीर करून टाकले. त्यानेही ते कधी नाकारले नाही!

मात्र पडद्यावरचे त्याचे धाडस खोटे नव्हते. घोडेस्वारीची अनेक जीवघेणी कामे तो स्वतःच करी, हाडे मोडून घेई. त्याच्या आधीच्या विल्यम हार्टचा काउबॉय धुळीने माखलेला, गंभीर. मिक्सचा भरजरी, हसरा, दारूला न शिवणारा. त्याचा टोनी नावाचा घोडाही त्याच्याइतकाच लोकप्रिय होता. आठवड्याला ७,५०० डॉलर मिळवणाऱ्या या नटाच्या चित्रपटांवर फॉक्सची भरभराट झाली.

बोलपट आले आणि मूकपटांची बाजारातील किंमत संपली. जुन्या प्रती म्हणजे निव्वळ साठवणीचा खर्च. फार तर त्यांतील चांदी काढून घ्यावयाची. त्या जतन करण्यात कोणाचाच आर्थिक हितसंबंध उरला नाही. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे, कडक उन्हाळ्यात, वायुवीजनाची धड सोय नसलेल्या फॉक्सच्या गोदामात नायट्रेटच्या फिल्मने पेट घेतला. आगीत एका मुलाचा बळी गेला. कंपनीच्या बहुतेक मूकपटांची राख झाली. मिक्सच्या सुमारे २९० चित्रपटांपैकी आज जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. फॉक्समधील त्याच्या पहिल्या पर्वातला, १९१८ चा ‘क्यूपिड्स राउंड अप’ हाही हरवलेल्यांतच मोडतो.

आग लागली तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. १२ ऑक्टोबर १९४० रोजी ॲरिझोनात मोटार अपघातात तो गेला. पण त्याच्या नावाची रेडिओमालिका १९३३ पासून चालू होती, ती त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे चालली. त्या मालिकेत टॉम मिक्सचा आवाज पहिल्यापासूनच दुसऱ्या नटांचा होता.