वेदनेचे मोल जाणणारे डॉ. पॉल ब्रँड

पायात काटा मोडला की आपण कळवळतो. ही कळच पाय वाचवते, हे जगाला पटवून दिले ते शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी.

१७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये ते आधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले, मग वैद्यक. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

कुष्ठरोगात मांस आपोआप सडते, बोटे झडतात, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. रोगाने नसा बधिर होतात. मग खिळा टोचला, चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. तो जखमेवरच भार टाकून चालत राहतो. प्लास्टर घालून तो भार कमी केला की तीच जखम भरून येई. पुन्हा होऊ नये म्हणून मऊ रबराच्या चपला आल्या आणि शल्यविशारदाइतकेच चपला बनवणाऱ्या कारागिराचे कामही मोलाचे ठरले.

लंडनमध्ये एका रात्री त्यांना स्वतःची टाच बधिर वाटली. टाचणी टोचली, तरी दुखले नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या धास्तीत रात्र गेली. सकाळी पुन्हा टोचली आणि जोराची कळ आली. त्या कळेचा त्यांना केवढा आनंद झाला!

१९६६ पासून अमेरिकेतील कारव्हिल येथे त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले. ८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

हिंगोली जिल्ह्यात अनवाणी शेतात जाणारे कमी नाहीत. त्यांपैकी मधुमेहींनी ब्रँड यांचा धडा गिरवायलाच हवा. रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहा; चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवा. कुरूप ब्लेडने कापू नका, पाय शेकू नका. आशाताई किंवा घरचे माणूस पाय तपासू शकते, मलमपट्टी करू शकते. पण जखम काळी पडली, पू वा दुर्गंधी आली, पाय सुजून गरम लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. बधिर पायात न दुखणे हाच धोका असतो.